जपानच्या शाळेत शिपाई नाही

शुक्रवार पेठ, सोलापूर
८ सप्टेंबर २०२५

चि. उत्कर्षास बजाआत्याचा आशीर्वाद.

फोनवर तू बोलतीस ते काय बोलणं न्हाय. तुझ्या मामांना ऐकू येत न्हाय म्हणून फोन स्पीकरवर ठेवावा लागतो. स्पीकर लावला की शेजारची केराबाई दारात आन् गल्लीतली सोनम खिडकीत. मग तू "सगळं छान हाय आत्या" म्हणतीस आन् ठेवतीस. जपानला जाऊन वरीस झालं, मला अजून एवढंच ठाऊक की सगळं छान हाय.

म्हणून पत्र लिही. सकाळी उठल्यापासून संध्याकाळपर्यंत एका दिवसाचं सगळं बारीक लिही. मॅडम वर्गात आल्या की पोरं कशी उभी राहतात, शिपाई पाणी कसा आणून देतो, हेडमास्तर तुला काय म्हणून हाक मारतात. महिनाअखेरीला आमची भिशी हाय. बायकांना वाचून दाखवायचं हाय.

तुझ्या मामांनी जन्मभर हायस्कुलात शिपाईगिरी केली. मास्तर लोकांचे कप धुतले, वर्ग झाडले. तुझे आईबाप वळसंगला शेतात, म्हणून तुला मी माझ्याकडं ठेवून शिकवली. आता घरातली पोरगी इंग्रजीची मॅडम, तीबी जपानात. भिशीत जरा ताठ मानेनं बसू दे की मला.

तुझी आत्या,
बजाबाई


२० सप्टेंबर २०२५

प्रिय आत्या,

सा. न. वि. वि. हवा तसा सगळा दिवस लिहिते. भिशीला पुरेल.

सकाळी साडेसातला सायकलवरून शाळेत. गाव डोंगरात आहे, चढ मोठा आहे, त्यामुळे मॅडम घामाघूम होऊनच पोहोचतात. दारात बाहेरचे बूट काढायचे, कपाटात ठेवायचे आणि आतले बूट घालायचे. मुलं, मास्तर, हेडमास्तर सगळ्यांना तोच नियम. मग शिक्षकांच्या खोलीत सगळे उभे राहून एकमेकांना वाकून नमस्कार करतात. मी एकदा जास्त वाकले आणि टेबलावर डोकं आपटलं. कुणी हसलं नाही. ते जास्त वाईट वाटलं.

वर्गात मी एकटी नसते. इशिदा सर असतात. ते जपानीत इंग्रजी शिकवतात आणि मी इंग्रजीत इंग्रजी शिकवते. मी वाक्य म्हणते, मुलं मागून म्हणतात. मुलं फारच शांत आहेत. वर्गात इतकी शांतता असते की मामांच्या शाळेतल्या हेडमास्तरांना आनंदानं रडू आलं असतं.

जेवण वर्गातच, मुलांबरोबर. पांढरी टोपी आणि एप्रन घालून मुलंच वाढतात. मलाही पाळी येते. काल मी आमटीचा डाव घेऊन उभी होते. भाताबरोबर रोज दूध असतं. वरण मागू नये एवढं आता कळलं आहे.

जेवणानंतर गाणं वाजतं आणि सगळी शाळा सफाईला लागते. पोरं ओल्या फडक्यावर दोन्ही हात टेकून, ढुंगण वर करून व्हरांडाभर पळत जातात. मीही पळते. गेल्या आठवड्यात माझ्याकडे जिने होते, या आठवड्यात संडास. हेडमास्तर मोरिता सर डोक्याला टॉवेल बांधून दारातली चप्पल-बुटांची जागा पुसतात. शिपाई असा इथे कुणी नाहीच.

चार वाजता मुलं खेळायला जातात. पाचला मी घरी.

मला इथे आवडतं, आत्या. पुढच्या मार्चनंतर अजून एक वर्ष राहावं म्हणते.

तुझी,
उत्कर्षा


शुक्रवार पेठ, सोलापूर
४ ऑक्टोबर २०२५

उत्कर्षा,

पत्र वाचलं. दोन वेळा वाचलं. मग देवापुढं ठेवून चहा करून प्याले, मग परत वाचलं.

खरं सांग. तुला फसवलं का कुणी? मॅडम म्हणून नेलं आन् हातात झाडू दिला, असं झालंय का? संडास, उत्कर्षा? संडास? आन् तू "आवडतं" लिहितीस. शेजारी उभं राहून कुणी लिहून घेतलं का? तसं असल तर पुढच्या पत्रात "पाऊस लई हाय" असं लिही, मी समजून घेईन.

भिशीत मी तुझं पत्र वाचलं, पण जे लिहिलं न्हाय तेच वाचलं. तुला दोन शिपाई हायत म्हणून सांगितलं. एक पाणी देतो, एक छत्री धरतो. केराबाई म्हणली, "ऊन तर न्हाय तितं, छत्री कशाला?" मी म्हणलं, "मॅडमचा मान असतो." आता एकाचे दोन शिपाई झाले, परत कसे घेऊ?

परवा गांधी जयंतीला सगळे साहेब लोक झाडू धरून उभे होते, ते फोटोपुरतं. फोटो काढला की झाडू परत शिपायाकडं. तुझ्या मामांनी शाळा झाडली ती तुझ्या हातात झाडू यावा म्हणून न्हाय.

मामा पत्र वाचून नुसतं "बरं" म्हणले. त्यांचं काय मनावर घ्यायचं न्हाय.

तुझ्या हेडमास्तरांना मीच लिहिणार हाय. पत्ता तुझ्या पाकिटावर हाय की. तू मधे पडू नकोस.

बजाआत्या


शुक्रवार पेठ, सोलापूर
दि. ६ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. मुख्याध्यापक मोरिता साहेब यांस,

विषय : आमच्या मुलीस झाडू न देणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज सादर करते की, कु. उत्कर्षा ही आमची भाची असून एम.ए. बी.एड. आहे. आमच्या घरात तिने झाडूला हात लावलेला नाही. चहाची कपबशीसुद्धा उचललेली नाही. असे असता आपण तिला संडासाची ड्यूटी दिलेली आहे. हा तिचा अपमान नसून आमचाच आहे.

आपल्या शाळेत शिपाई नाही असे समजते. ही आपली अडचण आम्ही समजू शकतो. तरी त्यावर उपाय असा की, माझे यजमान श्री. कुंडलिक हे निवृत्त शिपाई असून तब्येतीने दणकट आहेत. फक्त कानाने कमी. ते आपल्याकडे येण्यास तयार होतील. विमानाचे तिकीट तेवढे पाठवावे. दोन वेळचा चहा लागतो.

आमचे शेजारी अजिनाथ यांचे मेहुणे मंत्रालयात आहेत हेही आपल्या माहितीसाठी.

राग मानू नये. सोबत सोलापुरी चादर एक.

आपली विश्वासू,
सौ. बजाबाई


१४ ऑक्टोबर २०२५

आत्या,

तुझं चार तारखेचं पत्र आज मिळालं. लगेच फोन केला. मामांनी उचलला. "हॅलो, कोण? मोठ्यानं बोला" असं पाच मिनिटं झालं आणि त्यांनी ठेवून दिला. परत केला तर केराबाईंनी उचलला आणि विचारलं, "छत्रीवाला बरा हाय का?" मी हो म्हणून ठेवला. दुसरं काय म्हणणार होते?

मोरिता सरांना पत्र टाकू नकोस. हात जोडते. कुणी फसवलेलं नाही. पाऊस अजिबात नाही. इथे सगळेच झाडतात.

आता फोनवर न सांगितलेलं सांगते. मुलं शांत आहेत असं लिहिलं होतं. ती शांत नाहीत, ती माझ्या तासाला बोलतच नाहीत. वर्षभर मी प्रश्न विचारते आणि मुलं टेबलाकडे बघतात. सगळी मिळून मागून म्हणतील, पण एकट्यानं एक वाक्य कुणी बोलत नाही. मोरिता सर दोनदा मागे बसून गेले. पुढचं वर्ष मिळणं त्यांच्या शिफारशीवर आहे आणि ती त्यांनी अजून लिहिलेली नाही. अशा वेळी तुझं पत्र पोहोचलं तर सगळं संपलंच म्हणून समज.

तू अजून टाकलं नाहीस ना?

उत्कर्षा


२१ ऑक्टोबर २०२५

आत्या,

टाकलं होतंस.

आज तिथे लक्ष्मीपूजन. तू सकाळीच बाजारातून नवी केरसुणी आणली असशील, तिला हळदकुंकू लावलं असशील, तिच्यापुढे हात जोडले असतील. आणि तिच्याच कारणावरून माझी ही दिवाळी कशी गेली ते वाच.

शुक्रवारी सकाळच्या सभेत मोरिता सर एक पार्सल दोन्ही हातांत धरून आले. "उत्कर्षा-सेन्सेईंच्या घरून पत्र आलं आहे," म्हणाले. इथे मास्तरांना, मॅडमना सेन्सेई म्हणतात. सगळे वाकले. मग पत्र माझ्यापुढे धरलं, "कृपया आम्हाला वाचून दाखवाल का?"

मी विषय वाचला. बावीस शिक्षक उभे. मी म्हणाले, "माझी आत्या लिहिते की तुमची शाळा फार सुंदर आहे."

मोरिता सरांनी मान हलवली. पत्राकडे बघितलं. "पुढे?"

"मुलं सफाई करतात याचं तिला कौतुक वाटतं."

"पत्र दोन पानी आहे," ते म्हणाले.

मग मी सुटले. सोलापूरची हवा, चादरींचे माग, तुझे सांधे, सगळं सांगितलं. इशिदा सरांनी तर डोळे पुसले. मोरिता सर इतके खूश झाले की पत्र त्यांनी जिन्याजवळच्या फलकावर लावलं, अक्षर सुंदर आहे म्हणून. मला नाही म्हणता आलं नाही.

इथे प्रत्येक मुलाकडे शाळेचा टॅब असतो. पत्रावर धरला की भाषांतर करतो. हे माझ्या लक्षात जेवणाच्या सुट्टीत आलं, तोवर फलकापुढे सगळी दुसरी इयत्ता, म्हणजे आपली आठवी, उभी होती. यंत्रानं अर्थ काय लावला ठाऊक आहे? "तुमचा झाडू आमचा अपमान आहे. माझा नवरा दणकट आहे. विमान पाठवा. चहा दोन."

आत्या, वर्षभर टेबलाकडे बघणारी होनोका नावाची मुलगी माझ्यापुढे आली. आणि तिनं इंग्रजीत विचारलं, "सेन्सेई, इज युवर अंकल व्हेरी स्ट्राँग?"

मागून रिकु नावाचा मुलगा, "व्हेन ही कम?"

मी तिथेच जिन्यावर बसले. मग वर बघितलं तर मोरिता सर उभे, हातात टॅब.

खोलीत बोलावलं. म्हणाले, "मी पत्र वाचलं. तुम्ही मला दुसरं पत्र सांगितलंत." मी माफी मागितली. बराच वेळ वाकून उभी राहिले. ते म्हणाले, "उत्तर मीच लिहीन. शिफारशीचं नंतर बघू." चेहऱ्यावरून इथे काहीच कळत नाही.

तुला हवं होतं तेच होईल बहुतेक. मार्चमध्ये परत येईन. मी तुझ्यावर फार रागावले आहे, आणि हे लिहिताना दोनदा हसले आहे. दोन्ही खरं आहे.

उत्कर्षा


३० ऑक्टोबर २०२५

(मामा, हे मोरिता सरांचं पत्र. खाली मराठी करून दिलं आहे. या वेळी एक शब्दही बदललेला नाही, कारण इशिदा सर टॅब घेऊन शेजारी बसले होते. — उ.)

श्री. कुंडलिक यांस,

डोंगरातली पानं लाल होऊ लागली आहेत. आपल्या घरी सर्व कुशल असावं.

आपल्या पत्नींनी आपल्या वतीनं केलेला अर्ज पोहोचला. त्यावर शिक्षकांच्या सभेत गांभीर्यानं विचार झाला. कळवण्यास खेद होतो की आमच्या शाळेत शिपायाचं पद नसल्यामुळे आपली नेमणूक करता येत नाही. आपला अनुभव पाहता हे आमचंच नुकसान आहे.

आपल्या पत्नींना वाटलेला अपमान मला समजतो. एवढंच सांगतो की संडासाची पाळी पुढच्या आठवड्यात माझी आहे.

चादरीबद्दल आभारी आहोत. सरकारी नियमानं मला भेट घेता येत नाही, म्हणून ती आजारी मुलांच्या खोलीत ठेवली आहे. तेव्हापासून आजारी मुलांची संख्या वाढली आहे.

उत्कर्षा-सेन्सेईंनी मला खरं सांगितलं नाही. त्याची त्यांनी माफी मागितली आहे. त्यांच्या शिफारशीचा निर्णय मी थांबवला आहे. नोव्हेंबरअखेर मी पुन्हा त्यांच्या तासाला बसेन. मुलं स्वतःहून बोलली तर लिहीन. न बोलली तर लिहिता येणार नाही.

मुलांना आपल्याला काही विचारायचं आहे. प्रश्न त्यांनी स्वतः इंग्रजीत लिहिले आहेत. उत्तर मिळालं तर आम्ही सर्व ऋणी राहू.

होनोका : तुम्ही दणकट आहात का?
रिकु : सगळी शाळा एकट्यानं झाडायचात? मुलं तेव्हा काय करत होती?
साकी : आत्या तुम्हालाही रागावतात का?
केन्ता : तुम्ही आमच्याकडे कधी येणार?

आपला नम्र,
मोरिता


शुक्रवार पेठ, सोलापूर
१४ नोव्हेंबर २०२५

चि. उत्कर्षा,

मी कुंडलिकमामा. मला लिहायची सवय न्हाय, समजून घे.

तुझ्या हेडमास्तरांचं पाकीट दिवाळीमुळं पुढं ढकललेल्या भिशीच्या दिवशीच आलं. परदेशी तिकीट बघून बायका उघडा, उघडा म्हणाल्या. बजा न्हाय म्हणत होती तवर सोनमनं फोडलं बी आन् मोठ्यानं वाचलं बी. मला नीट ऐकू आलं न्हाय, पण बजाचं तोंड बघून कळलं कुठवर आलंय ते. संडासाची पाळी माझी हाय, हे वाक्य आलं आन् केराबाई म्हणली, "आमच्या मास्तरीण सुनेच्या हेडमास्तरला पाठवा की तिकडं शिकायला." हसून हसून चहा सांडला. छत्रीवाल्याचं कुणी विचारलं न्हाय, बजानंच सांगितलं, "छत्रीवाला मीच माझ्या मनानं ठेवला होता."

पण नंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली न्हाय. मी म्हणलं, "उत्तर लिहू का नको?" तर म्हणली, "लिहिलं तर ती तिथंच राहील." मी म्हणलं, "व्हय." तिसऱ्या दिवशी कागद आणून ठेवला माझ्यापुढं आन् म्हणली, "अक्षर नीट काढा. फलकावर लावतात ते."

पोरांना हे सांग.

होनोकाबाईंस : दणकट हाय. पण घरात त्याचा उपेग न्हाय.

रिकुराव : मी झाडत पुढं जायचो आन् पोरं मागनं शेंगांची टरफलं टाकत यायची. त्यांना कुणी सांगितलं न्हाय की शाळा त्यांचीबी हाय. मीबी सांगितलं न्हाय. सांगितलं असतं तर माझी नोकरी गेली असती.

साकीबाई : रागावते. हेडमास्तरांवर रागावली तशीच. फक्त मला चादर न्हाय मिळत.

केन्ताराव : येणार न्हाय. मी निवृत्त झालोय. हे माझ्या बायकोला सोडून सगळ्यांना माहीत हाय.

आता माझाबी एक प्रश्न. तुमी तासाला बोलत न्हाय म्हणं. काय झालं? आमच्याकडं पोरं गप बसत न्हायत म्हणून मास्तरांचा घसा बसतो. तुमची चार गप पोरं हिकडं पाठवा, हितली चार तिकडं पाठवतो. दोन्ही शाळांचं बरं होईल. उत्तर लिहा, मी वाट बघतोय. मला रोज काम न्हाय.

तुझे,
कुंडलिकमामा


३ डिसेंबर २०२५

प्रिय मामा आणि आत्या,

तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात मोरिता सर तासाला बसणार होते. इशिदा सरांनी धडा आखला होता: रेल्वे स्टेशनचा रस्ता विचारणे. मी म्हटलं, "आज हे पत्र वाचू." ते घाबरले. मग म्हणाले, "चालेल. पण मी मागे बसतो."

मी तुमची उत्तरं इंग्रजीत वाचली. घरात उपयोग नाही, हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला. साकी आधी हसली आणि मग सगळा वर्ग. या वर्गाचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. शेवटी मी तुमचा प्रश्न फळ्यावर लिहिला: "तुम्ही का बोलत नाही?" आणि बाजूला सरले.

ट्यूबलाइटचा आवाज येत होता. मोरिता सरांनी पेन काढलं. मला वाटलं, झालं.

रिकु उभा राहिला. "बिकॉज... मिस्टेक." आणि बसला.

होनोका उभी राहिली. "बिकॉज एव्हरीवन लुक."

मग केन्ता, "नो, बिकॉज इशिदा-सेन्सेई स्लीप." इशिदा सर ताडकन उठले, "आय नॉट स्लीप!" आणि त्यांच्या तोंडून चूक गेली तसा वर्ग हसत सुटला. मग कोण कुणाचं ऐकतंय! सगळं चुकीचं इंग्रजी. मी एकही वाक्य सुधारलं नाही. साकीनं तर विचारलं, तुमच्याकडची जी चार मुलं येणार, ती शेंगा घेऊन येणार का?

घंटा झाली तरी ती थांबेनात. मोरिता सर उठले, मला वाटलं रागावणार. ते मुलांना म्हणाले, "सफाईची वेळ झाली आहे. बोलत बोलत करा." इथे सफाई गप्प राहून करतात. हे त्यांनी पहिल्यांदाच मोडलं म्हणे.

काल शिफारस गेली. मला पुढचं वर्ष मिळालं.

मामा, सगळ्यांची उत्तरं सोबत आहेत. एकूण एकतीस. वाचायला सोनमची मदत घ्या, पण स्पीकरवर नको.

आत्या, तू काही लिहिलं नाहीस. मी राहणार आहे याचं तुला वाईट वाटतंय, हे मला कळतं. मलाही दारात बूट काढताना रोज तुझी आठवण येते. पण मी राहणार आहे.

तुमची,
उत्कर्षा


शुक्रवार पेठ, सोलापूर
१५ डिसेंबर २०२५

उत्कर्षा,

पोरांचे एकतीस कागद आले. तुझे मामा ते उशाशी घेऊन बसलेत आन् एकेकाला उत्तर लिहितायत. चहा गार होतो, हाक मारली तर ऐकू येत न्हाय, आन् या वेळी खरंच ऐकू येत न्हाय का ऐकायचं न्हाय ते मला कळत न्हाय. कामावर होते तवाबी एवढे कामात नव्हते.

वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू. तू मार्चात येशील म्हणून तुझी खोली मी आवरून ठेवली होती. आता त्यात कागद ठेवतो म्हणतायत.

पण सोनमनं ते "बिकॉज एव्हरीवन लुक" वाचलं आन् मराठीत सांगितलं, सगळे बघतात म्हणून. त्या पोरीचं मला कळलं. गल्ली बघती म्हणून मीबी काय काय बोलून बसले, दोन शिपाई ठेवले. तिला सांग, बघू दे म्हणावं. बघून बघून केराबाई थकली.

राहा एक वरीस. हातात रबरी मोजे घालत जा, हेडमास्तरांनाबी सांग.

गुढीपाडव्याला मात्र सुट्टी काढून ये. यायच्या दिवशी साडी नेसू नकोस, जुना ड्रेस घालून ये. माळा झाडायचा ठेवलाय. ह्यांचा गुडघा दुखतोय आन् मला तुझ्याएवढं येत न्हाय.

तुझी,
बजाआत्या